सांग, आज कशी वाजतेय

यंदा थंडी उशिरानेच आली. मार्गशीर्ष निम्मा सरला तरी इंदिरानगरातल्या आमच्या इमारतीत पंखे फिरत होते. मग एका सकाळी दूधवाला कानटोपी घालून आला, भाजीवालीच्या पाटीत हरभऱ्याच्या हिरव्या जुड्या दिसल्या, आणि कोपऱ्यावरच्या हातगाडीवर द्राक्षांचे पहिले घोस आले. अजून आंबटच. मी एक मणी तोंडात टाकला, डोळे आपोआप मिटले, आणि वास आला. कोपऱ्यावर कुठेच नसलेला वास. पेट्रोलचा, दंवाने भिजलेल्या गवताचा आणि द्राक्षबागांत पेटवलेल्या शेकोट्यांच्या धुराचा. या तिन्ही वासांचा मिळून माझ्यापुरता एक ऋतू होतो. पंचांगात त्याला नाव नाही. तो माझ्या वाट्याला एकदाच पुरता आला.

आमच्या पार्किंगमध्ये भिंतीला लागून खाकी आच्छादनाखाली एक गाडी उभी असते. हिरवी, बुटकी, दोनच माणसांची, कापडी टपाची विलायती स्पोर्ट्स कार. वयाने माझ्याहून थोडीच लहान असेल. माझे यजमान मनोहर यांनी ती देवळालीतल्या एका जुन्या बंगल्याच्या आवारातून आणली, तेव्हा तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. मनोहर मखमलाबादच्या फुलवाल्यांच्या घरातले. गुलाब, झेंडू, शेवंती यांत वाढलेला हा मुलगा सातपूरच्या कारखान्यात हाताला ग्रीस लावून घ्यायला गेला याचंच माझ्या सासूबाईंना नवल होतं. गाडी दारात आली तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "अरे, हिच्यात फुलांचं एक टोपलंसुद्धा मावायचं नाही. मग ही कशाला रे?"

"चालवायला," मनोहर म्हणाले.

त्या उत्तरात सगळं आलं होतं. पण ते मला कळायला फार वर्षं गेली.

खरं सांगायचं तर ती गाडी चालवण्यापेक्षा सांभाळण्यातच मनोहरांचा जास्त वेळ जाई. रविवारी सकाळी चहा झाला की ते खाली उतरत. बॉनेट उघडून आधी नुसते बघत उभे राहत, एखाद्या घरी पाहुणे म्हणून गेल्यावर आपण आधी माणसं बघतो तसे. मग तेलाची पट्टी पुसून तपासायची. कार्ब्युरेटरच्या डोक्यावरची पितळी टोपी फिरवून आत पातळ तेलाचे चार थेंब सोडायचे. स्पार्क प्लग काढून त्यांचा रंग बघायचा. तो विटकरी असला की चेहरा खुलायचा, काळा असला की दुपारचं जेवण मुकाट्याने. तारांच्या चाकांना मधोमध एकच मोठा नट असे. तो लाकडी हातोड्याने ठोकून घट्ट करताना सगळ्या इमारतीला कळे की आज रविवार आहे. गाडीखाली पुठ्ठा अंथरलेला असे आणि त्यावर तेलाचे डाग. "गळतंय म्हणजे आत तेल आहे," असं ते म्हणत.

मी वरून गॅलरीतून बघायची आणि आत यायची. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. तरुणपण कानाला हेडफोन लावून गेलं. कुणाचं बाळंतपण, कुणाचं मरण, कुणाचा रुसवा, सगळं माझ्या कानातून पलीकडे जायचं. त्यामुळे घरी आल्यावर मला आवाजच नको असे. रेडिओ नको, कुकरची शिट्टी नको, आणि त्या गाडीची घरघर तर मुळीच नको. मनोहर मात्र आवाजावर जगणारे. किल्ली फिरवली की मागच्या बाजूला पेट्रोलचा पंप टिकटिक करायचा, आधी घाईने, मग सावकाश, मग थांबायचा. तो थांबेपर्यंत ते बटण दाबत नसत. "पोट भरू दे तिचं," म्हणत. इंजिन सुरू झालं की मान किंचित तिरकी करून ऐकत राहत. कुठला व्हॉल्व्ह वाजतोय, कुठे हवा गळतेय, हे त्यांना कानाने कळे. लग्नानंतर मला एकदा म्हणाले होते, "तू रागावलीस की भांडी वेगळी वाजतात." त्यांना ऐकू येत होतं तोवर माझं काहीच लपून राहिलं नाही.

कारखान्यातल्या मोठ्या प्रेसच्या दणक्यांनी त्यांचा उजवा कान हळूहळू उतरत गेला होता. ते आम्ही स्वीकारलं होतं. गेल्या वर्षीच्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, ते उठून बसले आणि मला म्हणाले, "पाऊस थांबला का?" पाऊस नव्हताच. बाहेर फटाके वाजत होते. त्यांना चांगल्या कानात नुसता सरींसारखा आवाज येत होता, आणि आता तोही थांबला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, कानात इंजेक्शनं दिली. यंत्रं लावून पाहिली. त्यातून त्यांना फक्त कर्कश काहीतरी टोचायचं. शेवटी त्यांनी ती यंत्रं काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "राहू दे गं."

ते स्वतःचा आवाज ऐकू शकत नव्हते, म्हणून कधी खूप मोठ्याने बोलत, कधी ओठांतल्या ओठांत. मग बोलणंच कमी झालं. मी त्यांच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढू लागले. जे-व-ण. औ-ष-ध. अमेयचा फोन. अमेय आमचा मुलगा, पुण्याला असतो. बापलेकाचं फोनवर तरी बरं जमायचं, आता तेही गेलं. मनोहर खाली जाऊन गाडीत नुसते बसत. किल्ली लावत नसत. स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसत आणि मी गॅलरीतून ते बघून आत येत असे. पण आता मला आत येऊन शांत वाटत नव्हतं.

थंडी पडू लागली तेव्हाची गोष्ट. एका सकाळी खालून फटफट, मग सुरुंगासारखा एक बार. तळमजल्यावरच्या जोशीवहिनी जिना चढून आल्या.

"अहो सुमनताई, काकांना सांगा ना जरा. गाडी कशी तरीच करतेय. माझी नात घाबरून उठली."

मी चपला न घालताच खाली धावले. मनोहर बॉनेटवर वाकले होते. इंजिन खोकत होतं, थरथरत होतं, मागून काळा धूर येत होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. त्यांना वाटत होतं ती छान चाललीय. तो चेहरा मी विसरू शकत नाही. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा हात हळूच किल्लीकडे गेला.

"वाईट वाजतेय?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"किती दिवस?"

  मग पार्किंगमधल्या कपाटातून त्यांनी रबराची एक लांब नळी काढली. तिचं एक टोक माझ्या कानाशी धरलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं. इंजिन पुन्हा सुरू केलं. दोन कार्ब्युरेटर होते, शेजारीशेजारी, जुळ्या भावांसारखे. दोघांनी सारखीच हवा ओढायला हवी, नाहीतर गाडी लंगडते. "फुसफुस ऐकू येते का? आधी ह्याची ऐक. मग ह्याची. कोणाची मोठी?"

मी नळी एकाच्या तोंडाशी नेली. कानात वारा शिरला. किती वर्षांनी माझ्या कानाशी काहीतरी लावून कुणीतरी मला ऐकायला सांगत होतं. मी दुसऱ्याच्या तोंडाशी नेली. पुढच्याचा आवाज जाड होता, मागच्याचा बारीक, दमेकऱ्यासारखा. मी पुढच्याकडे बोट दाखवलं. त्यांनी एक स्क्रू केसभर फिरवला. पुन्हा ऐकलं. पुन्हा बोट. असं करता करता दोन्ही फुसफुशी एक झाल्या, आणि गाडीचा खोकला असा थांबला की मला एकदम रडूच आलं. मनोहर माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांना आवाज ऐकू येत नव्हता, पण तो माझ्या चेहऱ्यावर वाचता येत होता.

"झालं?"

झालं, मी म्हणाले. त्यांनी ओठ वाचले.

तिथून तो हिवाळा सुरू झाला.

आम्ही सकाळी उजाडलं की निघायचो. मी शाल, कानटोपी, त्यावर स्कार्फ. ते जुना लोकरीचा कोट. टप खाली. "थंडी वाजते म्हणून टप लावायचा तर बस काय वाईट आहे?" हे त्यांचं नेहमीचं. नांदूर नाका मागे टाकला की शहराचा धूर सुटायचा. माडसांगवीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांनी द्राक्षबागा, मांडवांवर पसरलेल्या, खाली कागदात गुंडाळलेले घोस. पारा फार उतरला की बागाईतदार मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागांमध्ये शेकोट्या पेटवतात. तो धूर वर जात नाही. थंडीने दबून मांडवांच्या खालीच तरंगत राहतो. आमची गाडी इतकी बुटकी की आम्ही त्या धुराच्या उंचीवरूनच जायचो. मोठ्या गाडीत बसून माणूस शेत बघतो. आम्ही शेतातून जात असल्यासारखे जायचो. ओल्या मातीचा गारवा घोट्यांना लागे, इंजिनाची ऊब पायांना, आणि तोंडावर वारा.

गाडी चालवतात कशाला, ते मला तेव्हा कळलं. वळण आलं की मनोहर आधीच गिअर उतरवून घेत, गाडी बसकण मारल्यासारखी रस्त्याला चिकटे आणि वळणातून बाहेर पडताना पुढे झेपावे. त्यांचा हात गिअरच्या दांड्यावरच असे. कान गेल्यापासून ते तळहाताने ऐकत होते. मागून हॉर्न आला की मी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारायची. अ‍ॅम्ब्युलन्स असेल तर भराभर. असे आम्ही दोघं मिळून एक धड माणूस झालो होतो.

आणि मधूनच ते विचारत, "सांग, आज कशी वाजतेय?"

हे सर्वांत अवघड होतं. मी तळहात घेऊन लिहायची, गि-र-णी. ते हसत. "पिठाची की मिरचीची?" मी विचार करायची. कधी लिहायची, मांजर. कधी, सासूबाई पोथी वाचायच्या तशी. हे वाचून ते इतके हसले की गाडी बाजूला घ्यावी लागली. पण एखाद्या दिवशी शब्दच सापडत नसे. मी नुसतंच "छान" असं लिही आणि ते समोर बघत म्हणत, "छान म्हणजे काय गं." त्यांचा आवाज तेव्हा ओठांतल्या ओठांत असे. मला मात्र ऐकू येई.

चांदोरीवरून सायखेड्याकडे वळताना रस्त्याकडेला हिराबाईंची टपरी आहे. चार बांबू, वर ऊस बांधलेला, समोर द्राक्षांच्या प्लास्टिकच्या जाळ्या, बाजूला चहाची किटली. बाई माझ्याहून मोठी, तोंडाने मोठीच. पहिल्या दिवशी तिने गाडीला हात लावून पाहिला आणि मनोहरांना काहीतरी विचारलं. ते हसून म्हणाले, "मला ऐकू येत नाही हो."

"मग गाडी कशी चालवतो हा बाबा?" तिने मला विचारलं.

मी ते त्यांच्या हातावर लिहिलं. त्यांनी माझ्याकडे अंगठा केला. "ही ऐकते."

हिराबाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लय भारी काम हाय तुला," ती म्हणाली आणि दोन कप चहा ओतला.

एकदा, पौष सरता सरता, सायखेड्याच्या पुलाच्या अलीकडे आम्ही उसाच्या ट्रॉलीमागे होतो. मागून दुसरा ट्रॅक्टर हॉर्न देत आला. मी थाप मारली. मनोहरांनी गाडी डाव्या अंगाला घ्यायला हवी होती. त्यांना वाटलं, पुढची ट्रॉली थांबतेय म्हणून मी सांगतेय. त्यांनी ती ओलांडायला गाडी उजवीकडे काढली. ट्रॅक्टरचं मोठं चाक मनोहरांच्या खांद्याच्या उंचीवरून, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून गेलं. पलीकडे नदी होती. काही झालं नाही. मनोहरांनी गाडी कडेला घेतली, बंद केली. ट्रॅक्टरवाला मागे वळून काय ओरडत होता ते त्यांना ऐकू आलं नाही. ते मी ऐकलं.

बराच वेळ ते चाक धरून बसले. पुलाखाली कुणीतरी कपडे आपटत होतं.

"बास आता," ते म्हणाले. मग दार उघडून उतरले, पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि दार उघडून उभे राहिले. "तू बस तिकडे."

मी घरची छोटी गाडी चालवत होते, पण ही नाही. मी मान हलवून नाही म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही, म्हणजे पाहिलंच नाही. दुसरीकडे बघत उभे राहिले. शेवटी मी सरकले. चाक गार होतं, त्यांनी इतका वेळ धरूनही. पहिला गिअर दात खात पडला. त्यांना तो तळव्यांतून कळला आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मग आपला हात माझ्या हातावर ठेवला, गिअरच्या दांड्यावर, आणि म्हणाले, "घाई नको. तिला सांगून घे. क्लच सोड, पुन्हा दाब, आता."

द्राक्षांचा उरलेला हंगाम मीच गाडी चालवली. त्यांचा हात माझ्या हातावर. हळूहळू तो हलका होत गेला, मग नुसताच टेकलेला, मग त्यांच्या मांडीवर गेला. हिला आता आपली गरज नाही, हे त्यांना कळलं तो दिवस मला आठवतो. माडसांगवीच्या वळणावर मी न विचारता तिसरा गिअर घेतला आणि गाडी सुतासारखी निघाली. ते माझ्याकडे बघून हसले, आणि मग बाहेर बघू लागले. मला वाटलं होतं मला आनंद होईल.

चैत्रात बागा छाटतात. हिरवे मांडव एकदम उघडे पडतात, नुसते दांडे राहतात. आमची शेवटची फेरी त्या दिवसांतली. ऊन चढलं होतं. हिराबाईने टपरी आवरायला काढली होती. परत येताना मनोहरांनी विचारलं, "सांग, कशी वाजतेय?" माझे दोन्ही हात गुंतलेले होते. मी त्यांच्याकडे वळून मोठ्याने म्हणाले, घरी गेल्यावर सांगते. त्यांनी ओठ वाचले आणि मान डोलावली. घरी गेल्यावर पाहुणे आले होते.

पुढे आषाढात त्यांच्या छातीत दुखलं. दवाखान्यात चार रात्री. त्यांच्या हातांना नळ्या लावल्या होत्या, त्यामुळे लिहायला तळहातही पुरता मिळत नव्हता. मी बोटांच्या टोकांवर लिहायची, एकेक अक्षर. अमेय पलंगाच्या पलीकडे बसून "बाबा, बाबा" म्हणत राहिला. मी त्याला म्हणाले, हात धर. त्याने धरला. मनोहर गेले तेव्हा खोलीत यंत्रांचे फार आवाज होते. ते सगळे आवाज मी एकटीच ऐकत होते, असं मला वाटत राहिलं.

"आई, ती गाडी देऊन टाकू कुणाला तरी हौशी माणसाला," अमेय या दिवाळीत म्हणाला. "तू कुठे करत बसणार आहेस तिचं."

"बघू," मी म्हणाले.

ती द्राक्षं चाखली त्या दिवशी मी आच्छादन काढलं. गाडीवर धूळ होती. हल्लीच्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या फुगून चिरतात, तसंच झालं होतं. पंपाजवळ ओल आली होती. तिथली नळी मी बदलली. बोटं सोलवटली. बॅटरी भरून घेतली, चार थेंब तेल सोडलं, चाकांचे नट ठोकले. जोशीवहिनी खिडकीत आल्या, काही न बोलता आत गेल्या. किल्ली फिरवली, टिकटिक थांबेपर्यंत थांबले. दुसऱ्या प्रयत्नाला ती लागली. त्यांची ती लांब नळी कानाला लावून दोन्ही कार्ब्युरेटर ऐकले. मागचा बारीक होता. जुळवला. मग मी तशीच उभी राहिले. ती अगदी हवी तशी वाजत होती, आणि कशी वाजत होती याला आज मला चांगला शब्द सापडला असता.

परवा सकाळी सायखेड्याच्या बाजूला गेले. धूर तसाच मांडवांखाली होता. हिराबाईने लांबूनच गाडी ओळखली, पदर सावरत रस्त्यावर आली.

"एकटीच? बाबा कुठं हाय?"

"ते गेले हो. पावसाळ्यात."

तिने हातातली जाळी खाली ठेवली.  चहा ओतला, एकच कप, आणि तो माझ्या हातात दिल्यावर म्हणाली, "आमचं माणूस गेलं तवा मी बैलांशी बोलायची. आता बैल बी नाय." मग गाडीकडे बघून म्हणाली, "मला बसव की एक डाव. इतक्या वक्ती आलात, कधी ईचारलं नाय कुणी."

तिला बसवलं. लुगड्याचा घोळ आवरून ती बसली, दाराला दोन्ही हातांनी धरून. पुलाच्या दिशेने निघालो. ती बोलतच होती. ही बाग अमक्याची, तिकडे धाकट्या दिराची विहीर, हा रस्ता गेल्या पुरात वाहून गेला होता. इंजिनाच्या वर आवाज चढवून ती बोलत होती आणि मीही तितक्याच मोठ्याने "हो का" आणि "कधी" म्हणत होते. पुलाजवळ आल्यावर माझ्या लक्षात आलं, आजवर या गाडीत मी कुणाशी अशी सलग बोललेच नव्हते. आधी बोलायची इच्छा नव्हती, आणि नंतर ऐकणारं कुणी नव्हतं.

"ते गेले, हिराबाई," मी म्हणाले.

"मघाशी सांगितलंस ना," ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले. पुलावर वारा होता. मी गिअर बदलला, आणि पुन्हा एकदा, मोठ्याने, तिला सांगितलं.